सातवी शांतता

पेण आणि रोहा या दोन तालुक्यांत मिळून प्रोग्रेसिव्ह रॉक वाजवणारा एक बँड होता. त्या काळची लोकसंख्या आणि लोकांची सहनशक्ती पाहता ही संख्या पुरेशी होती, असं मानायला हरकत नाही. बँडचं नाव ‘खाजण’, म्हणजे भरतीचं पाणी शिरणारी खारजमीन. प्रोग्रेसिव्ह रॉक ज्यांच्या कानावर पडलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. या संगीतात गाणं एकदा सुरू झालं की त्याला संपायची घाई नसते, ताल मध्येच बदलतो, आणि टाळी नेमकी कुठे वाजवायची हे कुणालाच कळत नाही.

खाजणमध्ये तिघं होते. वरसे गावचा महिपती रोह्याच्या एका रसायनांच्या कंपनीत शिफ्टला जायचा आणि उरलेल्या वेळात कीबोर्ड वाजवायचा. त्याचा शेजारी बाबाजी गिटारवर. तिसरा सखा, तो वरातीत ड्रम बडवून तयार झालेला, त्यामुळे नवरदेव घोड्यावरून उतरेपर्यंत थांबायचं नाही एवढा एकच नियम त्याला ठाऊक होता. प्रोग्रेसिव्ह रॉकला ही शिस्त उपयोगी पडते.

सन १९९१ च्या श्रावणात या तिघांनी अल्बम करायचं ठरवलं. स्टुडिओ मुंबईत, आणि मुंबईचा स्टुडिओ म्हणजे देवाच्या पालखीइतकाच लांबून नमस्कार करण्याजोगा. पण महिपतीचे मामा दाजी यांचा पेणला गणपतींचा कारखाना होता. तिथे मामाला हाक मारताना महिपतीच्या एक गोष्ट लक्षात आली. हाक गेली ती गेलीच, परत आली नाही. कारखान्यात आठशे गणपती रांगेने सुकत होते आणि आवाज जाईल तिथे कुणाच्या तरी पोटाशी विरून जात होता. मुंबईचे स्टुडिओवाले भिंतींना जाड गाद्या ठोकतात ते यासाठीच. इथे ते काम आठशे विघ्नहर्ते विनामूल्य करत होते.

“वाजवा, वाजवा,” दाजी म्हणाले. “पण चपला भायेर. वल्या मूर्तीला हात लावायचा नाय. आणि ठमाबाय डोळं काढाया लागली की एक आवाज नाय पायजे.”

“एकदम बंद?” सखाने विचारलं.

“एकदम. डोळं उघडल्या उघडल्या देवाच्या कानावं तुजा ड्रम पडला तं देव कारखान्यातच उठून उभा ऱ्हाईल. मंग मंडलाला काय देऊ, रिकामा पाट?”

ठमाबाई ही त्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करणारी. बाकीचे कारागीर सोंड घडवत, पितांबर रंगवत. पण कुंचल्याच्या एका श्वासात मूर्तीचा देव होतो तो क्षण तिचा. तेवढ्या वेळात सगळा कारखाना मुका होई. हातोडी थांबे, रेडिओ थांबे, चहाच्या कपाची बशीसुद्धा थांबे.

ध्वनिमुद्रणाचं मशीन वडखळच्या लाऊडस्पीकरवाल्याकडून आणलं होतं आणि संध्याकाळी एका सत्यनारायणाला परत द्यायचं होतं. म्हणजे गाणं एकदाच, एका दमात वाजवायचं. गाणं अडतीस मिनिटांचं. आणि नेमक्या त्याच दुपारी सात मोठ्या मूर्तींचे डोळे व्हायचे होते, कारण टेम्पो दुसऱ्या दिवशी निघणार होता.

व्हायचं तेच झालं. गाणं ऐन रंगात आलं की ठमाबाई कुंचला उचले, दाजी हात वर करत आणि खाजण जिथल्या तिथे थांबे. डोळे झाले की दाजींचा हात खाली येई आणि गाणं पुढे सुरू. असं सात वेळा झालं. पहिली शांतता बारा सेकंदांची होती. सातवी सर्वांत लांब, चाळीस सेकंदांची, कारण डाव्या डोळ्यापाशी ठमाबाईचा रंग सुकला आणि तिने कुंचला पुन्हा बुडवला. त्या चाळीस सेकंदांनंतर तिघांनी जे वाजवलं ते आधी ठरलेलंच नव्हतं. तीन मिनिटं ते आपोआप आलं. सखाने ड्रमला फक्त बोटं लावली होती.

“ह्या गॅपा कापू या का?” बाबाजीने टेप ऐकून विचारलं.

“एक सेकंद कापायचा नाय,” महिपती म्हणाला. “शेवटची तीन मिनिटं ऐकलीस? ती त्या चाळीस सेकंदांशिवाय नुसती वाजवली तं काय बी नाय. कोणी तरी थांबून ऐकलं पायजे. एकाने जरी ऐकलं तरी झालं.”

एवढीच त्याची इच्छा होती. कुणी तरी ती चाळीस सेकंदं थांबावं आणि पुढची तीन मिनिटं ऐकावीत. सोळा सोमवार करणाऱ्या बाया देवाकडे याहून कितीतरी जास्त मागतात.

अल्बमचं नाव ‘उधाण’. कॅसेटच्या एका बाजूला सबंध गाणं, दुसरी बाजू कोरी. मुखपृष्ठावर कारखान्यातला फोटो, रांगेने गणपती. यामुळे कोलाडला हायवेवरच्या खाणावळीत ती कॅसेट आरत्यांच्या रॅकमध्ये लागली आणि चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात हातोहात गेली. चतुर्थीनंतर हातोहात परत आली. तक्रार सगळ्यांची एकच होती: कॅसेट मध्येच अडकते. खाणावळवाला सज्जन होता. तो प्रत्येकाला बदलून दुसरी देई. दुसरीही नेमकी त्याच जागी अडके. काही भाविकांनी पेन्सिल घालून कॅसेट फिरवली, काहींनी टेप ओढून बाहेर काढली, आणि शहाण्यांनी कोऱ्या बाजूवर आपल्या आळीच्या आरत्या भरून घेतल्या. सातव्या शांततेच्या पलीकडे कुणी पोचलं नाही.

मूळ टेप दाजींनी कारखान्याच्या देव्हाऱ्याखाली ठेवली. दर खंडेनवमीला कुंचले, कोरण्या आणि साचे यांच्याबरोबर तिचीही पूजा होई. टेपवर हळद, टेपवर कुंकू, एक झेंडूचं फूल. सात वर्षं ती एकदाही वाजवली गेली नाही, पण एकही पूजा चुकली नाही.

सन १९९८ मध्ये मुंबईच्या एका कंपनीचं पत्र आलं. त्यांच्यातल्या कुणाला ‘उधाण’ची न बिघडवलेली एक कॅसेट सापडली होती. पत्रात लिहिलं होतं की हा अल्बम सीडीवर पुन्हा प्रकाशित करावा अशी कंपनीची इच्छा आहे, विशेषतः त्यातल्या शांतता जशाच्या तशा ठेवून. तरी मूळ टेप आणि रचनाकार व सर्व संबंधितांचं ना हरकत पत्र पाठवावं.

पत्रावर पत्ता होता ‘खाजण, पेण-रोहा’. पोस्टमनने ते खारजमिनीचं समजून हैबतरावांना दिलं. हैबतराव हे बांध दुरुस्ती संघाचे अध्यक्ष, वाचनालयाचे अध्यक्ष, आणि पेण-रोहा सांस्कृतिक समन्वय मंडळाचेही अध्यक्ष. एखाद्या गोष्टीला अध्यक्ष नसला की त्यांना रात्री झोप लागत नसे असं म्हणतात. ते खोटं आहे. अशी गोष्टच तालुक्यात उरली नव्हती.

त्यांनी पत्र दोनदा वाचलं आणि ‘सर्व संबंधितांचं’ या शब्दांखाली लाल रेघ मारली.

“महिपती,” ते म्हणाले, “तुझी एकट्याची सही चालायची नाही. सर्व संबंधित म्हणजे कोण, हे आधी ठरवावं लागेल.”

“आम्ही तिघं, हैबतकाका. आन फार तं दाजीमामा.”

“हे तुझं मत झालं. समितीचं मत यायचंय.”

समिती त्याच दिवशी झाली. पहिली बैठक वडखळला. रोह्याच्या सदस्यांनी अल्बम रोह्याचा असल्याचा ठराव मांडला, कारण वाजवणारे तिघेही रोह्याचे. पेणच्या सदस्यांनी हरकत घेतली, कारण वाजवलं पेणला. समतोल राखण्यासाठी दुसरी बैठक कोलाडला झाली. तिथे जेवणानंतर हैबतरावांनी तोडगा काढला, आणि तो इतका न्याय्य होता की दोन्ही तालुक्यांनी बाकं वाजवली. गाण्यातला आवाज रोहेकरांनी केला आहे, सबब आवाज रोह्याचा. गाण्यातली शांतता पेणच्या कारखान्यामुळे, पेणच्या कारागिराने, पेणच्या मूर्तींसाठी निर्माण झाली आहे, सबब शांतता पेणची.

“शांतता कुणाची कशी असंल?” महिपतीने विचारलं.

“ओसाड जमीन कुणाची तरी असतेच की नाही?” हैबतराव म्हणाले. “सातबारा बघ.”

पेणची शांतता उपसमिती नेमण्यात आली. सूचनाफलकावर ‘शांतता समिती’ एवढंच वाचून फौजदारसाहेब सवयीने बैठकीला आले आणि शिष्टाचार म्हणून त्यांनाही सदस्य करून घेतलं. उपसमितीने टेप ऐकली, म्हणजे टेपमधल्या शांतता ऐकल्या. आवाज तिच्या अखत्यारीत नव्हता. पाहणीत असं आढळलं की सातही शांतता पूर्णपणे मोकळ्या पडल्या आहेत.

“मोकळी जागा ठेवली की अतिक्रमण होतं,” एक अनुभवी सदस्य म्हणाले. “उद्या कोणी तिथे काहीही भरील. त्यापेक्षा आपणच वापरलेली बरी.”

यात चूक कुठे काढावी तेच महिपतीला कळेना. पहिल्या शांततेत अध्यक्षांचा संदेश घ्यायचं ठरलं. दुसरीत पेणच्या मूर्तिकलेचा संक्षिप्त इतिहास. तिसरी पेणने मोठ्या मनाने रोह्याला दिली; तिथे रोह्याचा पाणीप्रश्न आला. चौथी महिला प्रतिनिधींना मिळाली आणि त्यांनी तिथे उखाणे घेतले. पाचवीत फौजदारसाहेबांनी गणेशोत्सवात लाऊडस्पीकरचा आवाज कमी ठेवण्याचं आवाहन केलं. सहावीत पोलिओच्या डोसाची तारीख.

अडचण एकच होती. पहिली शांतता बारा सेकंदांची आणि अध्यक्षांचा संदेश साडेसहा मिनिटांचा. उपसमितीने ठराव केला की शांततेस मुदतवाढ देण्यात यावी.

मधल्या काळात कंपनीने मृणाली नावाच्या मुलीला मुंबईहून पाठवलं. ती दाजींच्या कारखान्यात आली, चपला बाहेर काढल्या, टेप हातात घेतली आणि बोटाकडे बघत राहिली. बोट पिवळं झालं होतं.

“हे काय आहे, काका?”

“हलद. कुकू बी असंल आत.”

“टेपला हळदीकुंकू लावलंत?”

“सात वरसं. एक वरीस चुकवलं नाय,” दाजी अभिमानाने म्हणाले. “तुमच्या मुंबईत कोण करील एवढं?”

“अहो, पण यामुळे आवाजात खरखर येणार. आम्हाला ती पुसून घ्यावी लागेल.”

“पुसायचं नाय,” दाजी म्हणाले. “पूजा पुसतात का गो? पाप लागंल तुला. लहान हायस तू.”

खरखर राहिली. सीडीच्या पुस्तिकेत ती ‘पावसाचा नैसर्गिक ध्वनी’ म्हणून नोंदवली आहे.

मग मृणाली हैबतरावांकडे गेली. तिने हळू आवाजात सांगून पाहिलं की कंपनीला गाणं आहे तसंच हवंय, भाषणं नकोत.

“ताई, भाषणं तुम्हाला नकोत, मान्य,” हैबतराव म्हणाले. “ना हरकत पत्र हवंय ना?”

“हो.”

“मग आमची हरकत नाही. तुमची आहे का?”

मृणाली मुंबईला परतली. कंपनीने विचार केला की जुन्या अल्बमच्या नव्या आवृत्तीत काहीतरी जादा दिलं तर गिऱ्हाईक खूश होतं, हीच सध्याची रीत आहे. मुखपृष्ठावर ‘विस्तारित आवृत्ती’ असं छापायचं ठरलं. अडतीस मिनिटांचं ‘उधाण’ एकाहत्तर मिनिटांचं झालं. सीडीत चौऱ्याहत्तर मावतात, म्हणजे तीन मिनिटं शिल्लक.

राहता राहिली सातवी शांतता. ती पेणला आभारप्रदर्शनासाठी हवी होती. रोह्यालाही आभारप्रदर्शनासाठीच हवी होती. दोन आभार तीन मिनिटांत मावेनात, आणि आपले आभार आखडते घ्यायला कुणीच तयार होईना. महिपती बैठकीत उभा राहिला.

“तेवढी एक मोकळी ऱ्हावू द्या,” तो म्हणाला. “बाकी सहा घेतल्यात, मी काय बोललो नाय. ही एक. तिच्या पुढली तीन मिनिटं सात वरसांत कोणी ऐकली नायत. हात जोडतो.”

समितीवर याचा परिणाम झाला का, हे सांगता येत नाही. इतिवृत्तात एवढंच आहे: ‘सातव्या शांततेबाबत एकमत न झाल्याने पुढील निर्णय होईपर्यंत ती आहे त्या स्थितीत ठेवावी.’ महिपतीला तेवढंही पुरे होतं. फळ मिळाल्याशी मतलब, कुठल्या व्रताचं हे देव बघून घेईल.

सीडी निघाली. मुंबईच्या एका वर्तमानपत्रात परीक्षण आलं की संगीताच्या मध्यात पाणीप्रश्न आणून कलावंताने श्रोत्याच्या सुखवस्तू अपेक्षांना सुरुंग लावला आहे. हैबतरावांनी ते कात्रण चौकटीत बसवून वाचनालयात लावलं आणि ‘कलावंत’ या शब्दाखाली लाल रेघ मारली.

प्रकाशन समारंभ रोह्याला शाळेच्या सभागृहात, रविवारी दुपारी चार वाजता झाला. गावात सीडी वाजवणारं मशीन महिपतीच्या कंपनीतल्या एका इंजिनियरकडेच होतं. ते मिरवणुकीने आणलं. नारळ फुटला. सीडीला हळदीकुंकू लावू नका असं मृणालीने तीनदा सांगितलं, तेव्हा डबीला लावलं. पुढच्या रांगेत दाजी बसले होते आणि त्यांच्याशेजारी ठमाबाई. तिच्या दोन्ही डोळ्यांत आता मोतीबिंदू उतरला होता. आखणी दुसरं कुणी करत असे.

गाणं सुरू झालं. वाजत होतं तोवर लोक वरशाच्या नव्या प्लॉटांचे भाव, कुणाची मुलगी कुठे दिली आणि चहा केव्हा येणार याविषयी मनमोकळं बोलत होते. भाषण लागलं की सभागृह चिडीचूप होई. अध्यक्षांचा संदेश, तोही अध्यक्षांच्याच उपस्थितीत, लोकांनी मान डोलावून ऐकला. उखाण्यांना टाळ्या पडल्या. पोलिओची तारीख उलटून गेली होती तरी दोन बायांनी ती लिहून घेतली.

मग सातवी शांतता आली.

महिपती मशीनजवळ उभा होता. त्याने मनगटावरचं घड्याळ डोळ्यांसमोर धरलं. तीन सेकंदं. लोक बोलायचे थांबले. भाषण येणार असं त्यांना वाटलं. सहा. खुर्च्या करकरल्या. आठव्या सेकंदाला कुणीतरी टाळी वाजवून पाहिली, तिला साथ मिळाली नाही. अकराव्याला मागून आवाज आला, “लाइट गेली काय?” पंखे तर फिरत होते.

पुढच्या रांगेत दाजींचा हात आपोआप वर गेला होता. ठमाबाई ताठ बसली होती, तीन बोटं जुळवून, हवेत धरून.

“अडकली वाटतं,” हैबतराव म्हणाले.

“अडकली नाय, काका. बसा. अजून पंचवीस सेकंदं.”

“गप ऱ्हावा रे,” ठमाबाई पुटपुटली. “डोळं काढतेय.”

पण एवढ्या मोठ्या सभागृहात, एवढ्या मान्यवरांसमोर काहीच होत नाही, ही गोष्ट अध्यक्षांच्या अंगावर काटा आणणारी होती. सतराव्या सेकंदाला निवेदकाने “तांत्रिक बिघाडाबद्दल क्षमस्व” म्हटलं. अठराव्याला इंजिनियरने मशीनला हलकी थाप मारली. एकोणिसाव्याला हैबतरावांनी स्वतः उठून पिन उपसली, आणि मशीन वाचवल्याबद्दल त्यांना त्या दिवसातली सर्वांत मोठी टाळी मिळाली. सखाने बसल्या जागी डोकं धरलं. मग आभारप्रदर्शन झालं. पेणचंही झालं, रोह्याचंही झालं. वेळेची मर्यादा नव्हती.

सभागृह रिकामं झाल्यावर महिपती ठमाबाईच्या खुर्चीशी जाऊन बसला.

“मावशे, ऱ्हायलं गो.”

“काय ऱ्हायलं?”

“पुढलं.”

“मी कुठं हात खाली घेतला?” ठमाबाई म्हणाली. “तुजा तो अध्यक्ष तितं बडबडत व्हता तवा मी डावा डोळा पुरा केला. रंग सुकला व्हता, पुन्यांदा बुडवला. मंग दाजीनं हात खाली घेतला नं, तवा तुमी लय हलू वाजवलंत. त्या सख्यानं नुसती बोटं लावलीन. त्या दिशी आयकलं ता अजून हाय कानात.”

महिपतीने मान खाली घातली. बराच वेळ तो काही बोलला नाही, आणि मला वाटतं त्या दिवसातलं सर्वांत चांगलं भाषण तेच असावं.

सीडीच्या बऱ्याच प्रती शिल्लक आहेत. त्यांतली सातवी शांतता अजून मोकळी आहे. तिच्याबाबतचा निर्णय प्रलंबित आहे. हैबतरावांना नावं ठेवणं सोपं आहे, आणि इथवर आपण ती मनसोक्त ठेवलीही असतील. म्हणून एक नम्र विनंती. या परिच्छेदाशी थांबावं, पान झाकावं, काही वाचू नये, कुणाशी बोलू नये, चहा मागू नये. फक्त चाळीस सेकंदं. मग पुढची ओळ वाचावी.

आलात? दोन सेकंदं झालीत.